थळघाटाचीं जुनीं छायाचित्रें: मूळ प्रत व दर्शनी प्रत

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा कसारा ते इगतपुरी हा रस्ता इ. स. १८६५ च्या जानेवारीच्या पहिल्या तारखेस खुला झाला. सुमारें सव्वानऊ मैलांत ९७२ फुटांची चढण, कोठें कोठें ३७ फुटांस १ फूट असा चढ, आणि एहेगांवच्या दरीवरील १८२ फूट उंचीचा पूल असें हें थळघाटाचें काम होय. त्याचे मुख्य अभियंते जेम्स बर्कले हे तें पुरें होण्यापूर्वीं इ. स. १८६२ त वारले. याच सुमारास छायाचित्रणाची कला आपल्या प्रांतांत रुजत होती. कांचेवरील ओल्या लेपाची पद्धति इ. स. १८५१ त निघाली; मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी इ. स. १८५४ त स्थापन झाली व डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय गृहस्थहि या कलेंत प्रवीण झाले. तात्पर्य, ज्या कामांचा इतिहास कागदांत वाचतां येतो व चित्रांत पाहतांहि येतो, अशा आपल्या देशांतील आरंभींच्या कामांत घाटांतील रेल्वेची गणना करावी लागते.

अशीं चित्रें, आणि त्यानंतरच्या पिढ्यांचीं स्टेशनांचीं, इंजिनांचीं व कुटुंबांचीं चित्रें, आतां स्कॅनरवर घेऊन महाजालावर मांडण्याचा प्रघात पडला आहे. तो स्तुत्य आहे. तथापि पोथीच्या बाबतींत जो नियम आपण सर्व मानतों, तो येथें विसरला जातो. जुना लेखक पोथीच्या अखेरीस, जसें पाहिलें तसेंच लिहिलें, असें सांगून मोकळा होई. त्याच्या अशुद्ध पण प्रामाणिक प्रतीवरून पाठ ठरवितां येतो. शहाणपणानें सुधारलेली प्रत मात्र संशोधकास फसविते.

उदाहरणच घेऊं. कल्याण ते इगतपुरी या मार्गावर विजेची गाडी इ. स. १९३० त सुरू झाली. म्हणून इगतपुरी स्टेशनच्या एखाद्या बिनतारखेच्या चित्रांत रुळांवर विजेच्या तारा दिसल्या, तर तें चित्र या सुमाराच्या पूर्वींचें नव्हे, एवढें निश्चित म्हणतां येतें. आतां समजा, कोणी हौशी गृहस्थानें चित्र साफसूफ करतांना ओरखडे म्हणून त्या तारा पुसून टाकल्या. चित्र सुंदर झालें. पण तें वाफेच्या युगांत जाऊन बसलें, व त्याची तारीख सांगणारा एकमेव साक्षीदार नाहींसा झाला. तीच गोष्ट पुठ्ठ्याच्या कडेची. तिच्यावर छायाचित्रकाराचें नांव व गांव छापलेलें असतें. चौकट नीटनेटकी करण्याच्या भरांत तेंच कापलें जातें. कांचेची उलटी पट्टी तशीच स्कॅन केली, तर डावीकडचा डोंगर उजवीकडे जातो. स्टेशनच्या पाटीवरील अक्षरें वा इंजिनाचा आंकडा उलटा दिसल्यास ही चूक कळते. केवळ दरीचें चित्र असल्यास कळत नाहीं. बोरघाट व थळघाट हीं दोन्हीं कामें एकाच कंपनीचीं व एकाच काळचीं असल्यामुळें शिलालेखाइतकीच जपणूक येथें मथळ्याचीहि केली पाहिजे.

यास्तव प्रत्येक चित्राच्या दोन प्रती कराव्या. पहिली मूळ प्रत. ती कृष्णधवल चित्राचीहि रंगीतच घ्यावी. कारण कागदाचा पिवळेपणा, शाईचा शिक्का व डाग हाहि पुरावाच आहे. चित्र ओल्या फडक्यानें पुसूं नये. कडा, पुठ्ठा व पाठीमागील बाजू यांसह तें घ्यावें, शेजारीं मोजपट्टी ठेवावी, आणि यंत्राची आपोआप सुधारणा बंद ठेवावी. दर इंचास ६०० पिक्सेल या मानानें ६ बाय ४ इंचांच्या चित्राचे ३६०० बाय २४०० पिक्सेल होतात व फाइल सुमारें २६ मेगाबाइटची होते. ती टिफ या प्रकारांत ठेवावी व पुन्हां तिला हात लावूं नये.

दुसरी दर्शनी प्रत. ती मूळ प्रतीची नक्कल काढून करावी. तिरकस चित्र सरळ करणें, उजेड बेताचा वाढविणें, लांब बाजू दोन हजार पिक्सेलांपर्यंत आणणें, एसआरजीबी ही रंगयोजना देणें व अखेरीस जेपेग करून ठेवणें, एवढें तिच्यावर करण्यास हरकत नाहीं. इ. स. १९९२ त ठरलेल्या या जेपेग प्रकारांत डोळ्यास सहसा न जाणवणारा भाग टाकून फाइल लहान केली जाते. बदल करून ती पुन्हां पुन्हां जतन केल्यास दर वेळीं कांहीं गळतें. नकलेच्या नकलेंत चुका वाढाव्या तसेंच हें आहे. म्हणून नवा बदल करणें झाल्यास मूळ प्रतीपासूनच आरंभ करावा, आणि काय बदललें तें एका ओळींत नोंदवावें.

चित्र कोणाकडून मिळालें, पाठीवर काय लिहिलें आहे, स्थळ कोणतें, व तारीख लिखित आहे कीं अनुमानित, ही माहिती युनिकोड मराठींत फाइलीच्या आंत भरावी व वेगळ्या यादींतहि लिहावी; कित्येक संकेतस्थळें चित्र चढवितांना आंतील माहिती काढून टाकतात.

महाजालावर ठेवलें म्हणजे जतन झालें, हाहि भ्रम आहे. इ. स. २०२३ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीच्या संगणकांवर हल्ला झाला, आणि तेथील सूची व ऑनलाइन संग्रह कित्येक महिने वाचकांस दुर्लभ झाले. एवढ्या मोठ्या संस्थेची ही कथा, मग एका घरच्या एका डिस्कची काय! प्रतीच्या तीन नकला, दोन निरनिराळ्या साधनांवर, व त्यांपैकीं एक परगांवीं, असा नियम रूढ आहे. वर्षातून एकदां प्रत्येक फाइलीची गणिती मुद्रा, म्हणजे चेकसम, जुन्या नोंदीशीं ताडून पाहावी. एक बिंदुहि बदलला असल्यास ती निराळी येते.

आणि हें सर्व झाल्यावरहि कागदाचें मूळ चित्र टाकूं नये. आज सुचत नाहीं तो प्रश्न उद्यांचा संशोधक विचारील. त्याचें उत्तर पुठ्ठ्याच्या कडेवर असेल, अगर आपण ओरखडा समजलेल्या एका तारेंत असेल. संग्राहकांनीं आपल्या संग्रहांतील घाटाचीं चित्रें या रीतीनें दोन प्रतींत करून ठेवावीं, एवढीच आमची विनंती.