घाट उतरताना

तूर द फ्रान्सच्या आठवणी निघतात त्या बहुधा चढाच्या. १९१० साली ही शर्यत पहिल्यांदा पिरेनीज पर्वतातल्या मोठ्या खिंडींतून गेली. तेव्हा ऑक्ताव्ह लापीझ सायकल ढकलत तुरमाले कसा चढला, हे अजून सांगितलं जातं. २,११५ मीटरवरून तो खाली कसा आला, हे सहसा कुणी विचारत नाही. जिवाची बाजी मात्र खरी उतारावरच लागते.

त्या काळी रस्ते खडी-मातीचे, ब्रेक जेमतेम. माथ्यावर थांबून मागचं चाक काढायचं आणि उलटं बसवायचं, कारण चढाचा गिअर एका बाजूला, उताराचा दुसऱ्या. चालत्या सायकलवर गिअर बदलणाऱ्या डिरेलरला तूरमध्ये परवानगी मिळाली ती थेट १९३७ साली. त्याआधी दोनच वर्षं, आल्प्समधली गालिबिए खिंड उतरताना पडलेला स्पेनचा फ्रान्सिस्को सेपेदा दगावला होता. शर्यतीतल्या अपघातात गेलेला तूरचा तो पहिला सायकलपटू.

१९५१ ची पिरेनीजमधल्या ओबिस्क खिंडीतली घटना तर विसरता येत नाही. विम व्हान एस्ट हा नेदरलँड्सच्या सपाट मुलखातला गडी. आदल्याच दिवशी त्याला आघाडीवर असणाऱ्याची पिवळी जर्सी मिळाली होती, आणि ती मिळवणारा तो पहिला डच होता. हरवलेला वेळ भरून काढायला तो उतारावर सुसाट निघाला, एका वळणावर चाक निसटलं आणि तो सुमारे सत्तर मीटर खोल दरीत गेला. दोर पुरेना, म्हणून संघाचे सुटे टायर एकमेकांना बांधून त्याला वर ओढलं. तो जगला. टायर मात्र ताणून निकामी झाले आणि डच संघाने शर्यत सोडली.

उतरण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या घोटली गेली ती अशा वळणांवर. हात हँडलच्या खालच्या बाकावर, म्हणजे वजन खाली येतं आणि ब्रेकवर बोटांची पकड बसते. वेग उतरवायचा तो वळणाआधी, सायकल सरळ असतानाच; कलत्या सायकलवर ब्रेक करकचून दाबला की टायरची पकड सुटते. वळणात बाहेरचं पेडल खाली, भार त्याच पायावर, आणि नजर वळण जिथे संपतं तिथे. उत्तम उतरणारे ब्रेक कमी वेळ दाबतात, पण नेमक्या जागी. पावसात रिमवरचं पाणी निपटेपर्यंत जुने ब्रेक धरतच नसत; डिस्क ब्रेकने ती अडचण बरीच कमी केली.

नियम नेहमीच मागून आले. १९९१ मध्ये हेल्मेटची सक्ती होताच पॅरिस–नीस शर्यतीत सायकलपटूंनीच संप केला आणि ती मागे घ्यावी लागली. १८ जुलै १९९५ रोजी तूरमध्ये पोर्ते दास्पे खिंड उतरताना ऑलिंपिक विजेता फाबिओ कासार्तेल्ली गेला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. तरीही कायमची सक्ती झाली ती २००३ साली, शर्यतीत पडलेल्या सायकलपटू आंद्रेई किविलेव्हच्या मृत्यूनंतर.

पुढे वेगाची नवी युक्ती आली: सीट सोडून फ्रेमच्या आडव्या दांडीवर बसायचं, छाती हँडलला टेकवायची. वारा कमी लागतो, पण ताबाही कमी राहतो. २०१६ मध्ये क्रिस फ्रूमने पेरसूर्द खिंड अशीच उतरून तेरा सेकंदांनी तूरचा टप्पा जिंकला. २०२१ पासून या बैठकीवर बंदी आली. मग माते मोहोरिचने पुढच्याच वर्षी खालीवर होणारी सीट लावली, पोज्जो या शेवटच्या टेकडीच्या उतारावर सगळ्यांना मागे टाकलं आणि मिलान–सान रेमो जिंकली.

त्याच्याच संघातला सव्वीस वर्षांचा जिनो मेडर जून २०२३ मध्ये स्वित्झर्लंडच्या आल्बुला खिंडीतून उतरताना दरीत कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. टप्प्याची शेवटची रेषा उताराच्या पायथ्याशी, ला पुंट गावात आखली होती. ती माथ्यावर का नव्हती, हा प्रश्न त्या वेळचा विश्वविजेता रेम्को एव्हेनेपूल याने त्याच दिवशी जाहीरपणे विचारला.