तळटीप : उपग्रहावर साठणारी वीज

* 'उपग्रहाने मनानेच आज्ञा पाळली' : मूळ लेखाच्या लेखकाला हे गूढ वाटते, पण कारण ठाऊक आहे. सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरची भूस्थिर कक्षा निर्वात म्हटली जाते, तरी तिथे विरळ प्लाझ्मा, म्हणजे सुटे इलेक्ट्रॉन आणि आयन, असतोच. इलेक्ट्रॉन प्रोटॉनपेक्षा सुमारे १८३६ पट हलका, म्हणून कितीतरी वेगवान. साहजिकच उपग्रहाच्या अंगावर तोच जास्त संख्येने आदळतो आणि पृष्ठभाग ऋणभारित होऊ लागतो. उन्हात असताना प्रकाश पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन बाहेर काढतो व हिशेब बराचसा जुळतो. उपग्रह पृथ्वीच्या सावलीत शिरला, की ती सोय संपते. १९६९ साली सोडलेल्या 'एटीएस-५' या उपग्रहावर सावलीत उणे हजारो व्होल्ट नोंदले गेले. सगळा उपग्रह सारखाच भारित झाला तर फारसे बिघडत नाही. धोका असतो तो शेजारशेजारच्या भागांतील फरकाचा. धातूचा सांगाडा एका विभवावर, टेफ्लॉनचे किंवा कॅप्टॉनचे आवरण दुसऱ्याच. मग ठिणगी पडते आणि तिचा झटका आतल्या विद्युतमंडलांना आज्ञेसारखा भासतो. याच्या अभ्यासासाठी अमेरिकेचे हवाई दल व नासा यांनी ३० जानेवारी १९७९ रोजी 'स्कॅथा' हा खास उपग्रह सोडला. त्यावर निरनिराळ्या पदार्थांचे नमुने लावून भार मोजला. बाहेरचे भाग शक्यतो वाहक ठेवून सांगाड्याशी जोडावेत, हा अशा ठिणग्यांवरचा उपाय. नासाची यासंबंधीची मार्गदर्शिका १९८४ साली निघाली. – संपा.