बॅटरीच्या सायकलने डोंगरात जायचंय? आधी वाट कुणाची ते बघा

आजरा : मोबाईलवर परदेशातले व्हिडिओ बघून बॅटरीवरची डोंगरी सायकल घ्यायचा विचार बऱ्याच पोरांच्या डोक्यात येतो. आजरा तालुक्यात चढाला काही कमी नाही. पण ही सायकल कुठल्या वाटेवर चालते, हे दुकानदार सांगत नाही. त्याचं उत्तर सायकल कसली आणि जमीन कुणाची, यावर ठरतं.

सायकलीचं आधी बघू. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटर 250 वॅटच्या आतली हवी. वेग ताशी 25 किलोमीटरला पोचला किंवा पेडल मारणं थांबलं, की मोटरची साथ सुटली पाहिजे. पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्य संस्थेने तसं प्रमाणपत्र दिलेलं असेल तर ती मोटार वाहनात धरत नाहीत, म्हणजे नंबर नको आणि लायसनही नको. अमेरिकेत मात्र 750 वॅटपर्यंतच्या मोटरला सायकल म्हणतात. तसलं मॉडेल इथे आणलं तर ती मोटरसायकलच ठरते आणि नोंदणी, विमा, लायसन सगळं लागतं. घेताना प्रमाणपत्राची प्रत मागून घ्यावी.

आता वाट. इथेच जास्त घोळ होतो. तलाठ्याकडे किंवा भूमी अभिलेख कार्यालयात गाव नकाशा बघायला मिळतो. त्यावर गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने आणि पायवाट एकेरी तुटक रेषेने दाखवलेली असते. गट नंबर कळला की सातबारा मोबाईलवरही निघतो. कब्जेदार म्हणून वन विभागाचं नाव असेल तर प्रश्न वन खात्याचा, गायरान असेल तर ग्रामपंचायतीला विचारायचं, मालकी असेल तर मालकाला. शेताचा बांध म्हणजे रस्ता नव्हे. घनसाळच्या वाफ्याकडेचा ओला बांध एकदा चाकाने खचला की पाणी कुठून कुठे जातं, हे शेतकऱ्यालाच विचारावं. देवराईत तर सायकल घालूच नये. तिथे कायद्याआधी गाव आडवं येतं, आणि ते बरोबरच आहे.

राखीव जंगलाला भारतीय वन अधिनियम 1927 लागू आहे. या कायद्यात सायकल हा शब्दच नाही, पण कलम 26 प्रमाणे राखीव जंगलात विनापरवाना शिरणं गुन्हा आहे, मग पायी असो वा चाकावर. गावाच्या वहिवाटीची वाटसुद्धा सरकारच्या मंजुरीने बंद करता येते, मात्र त्याऐवजी दुसरी सोयीची वाट असावी लागते. म्हणून आधी आजरा वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्यावा आणि त्यात तारीख, वाट, माणसं, सायकली लिहाव्यात. वनरक्षक तोंडी ‘जावा की’ म्हणाला, एवढ्यावर जाऊ नये. कागद हातात असावा.

डिसेंबर 2020 मध्ये आजरा-भुदरगड संवर्धन राखीव क्षेत्राला मान्यता मिळाली. ते 238.33 चौरस किलोमीटरचं आहे. संवर्धन राखीव म्हणजे अभयारण्य नव्हे. वन्यजीव कायद्याच्या कलम 36अ खाली फक्त सरकारी जमीनच त्यात घेता येते, आणि अभयारण्यासारखी सरसकट प्रवेशबंदी त्याला आपोआप लागत नाही. तिथे आग लावणं, कचरा टाकणं, जनावरांना डिवचणं याला बंदी आहे. पण आतली जमीन राखीव जंगल असेल तर वर सांगितलेला 1927 चा कायदा राहतोच. दाजीपूर-राधानगरीचं वेगळं आहे. ते पक्कं अभयारण्य असल्याने सार्वजनिक रस्ता सोडून बाहेरच्या माणसाला परवान्याशिवाय आत जाता येत नाही. आंबोलीच्या बाजूला गेलं की जिल्हाच बदलतो. तिथे आंबोली-दोडामार्ग संवर्धन राखीव आहे आणि जंगल सावंतवाडी वन विभागाचं, त्यामुळे आजऱ्याचा कागद तिथे चालत नाही.

मग बिनघोर कुठे फिरायचं? गावागावांना जोडणारे डांबरी आणि खडीचे रस्ते, नकाशावरच्या पाणंदी आणि रामतीर्थाकडे जाणारा रस्ता, इथे कुणाची आडकाठी नाही. संकेश्वर-बांदा महामार्ग सार्वजनिक आहे, पण जड वाहनं बघता सायकलला तो बरा नव्हे. चित्रीच्या धरणाची भिंत पाटबंधारे खात्याची, तिथे विचारूनच. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं आणि टायर कितीही जाड असला तरी घसरतो. वाहत्या ओढ्यात बॅटरी बुडेल एवढ्या पाण्यात सायकल घालू नये.

गव्याचं मात्र हलक्यात घेऊ नका. या सायकलीचा आवाज नसतो, त्यामुळे वळणावर गव्याला चाहूल लागत नाही आणि माणूस एकदम समोर येतो. वळणाआधी घंटी वाजवावी. दिवस मावळायच्या आत रस्त्याला लागावं. हत्तीचा वावर असल्याची बातमी असेल त्या दिवशी त्या बाजूला जाऊच नये.

अमेरिकेत वन खात्याच्या जंगलात ही सायकल मोटर वाहनातच मोजतात, आणि कुठल्या वाटा खुल्या हे छापील नकाशावर दाखवतात. आपल्याकडे तशी मागणी करायची जागा कायद्यातच आहे. संवर्धन राखीवच्या व्यवस्थापन समितीत हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी असतो. आपल्या गावाचा प्रतिनिधी कोण, हे पुढच्या ग्रामसभेत विचारावं आणि कुठली वाट सायकलला खुली हवी, त्याचा ठराव गट नंबरासह त्याच्याकडे द्यावा.