फुलीवरची कपाशी आणि तणनाशकाचा हिशेब

नेमक्या जागी तणनाशक मारायचं म्हटलं की आपल्याला कॅमेरे आणि ड्रोन आठवतात. माझ्या विषयाची सुरुवात मात्र खानदेशातल्या एका जुन्या सवयीपासून होते: शेतात फुल्या पाडणं.

देशी कपाशी पाभरीनं ओळीत पेरत. दोन ओळींमधलं तण कोळप्यानं निघे. ओळीतलं तण निंदायला बाया विळे घेऊन बसत. पुढे १९७० साली सुरतेहून एच-४ हा संकरित वाण आला, २००२ मध्ये बीटीला परवानगी मिळाली. आता महागाचं बी पाभरीनं कोण सांडणार? आडव्या-उभ्या रेघा ओढायच्या आणि त्या छेदतात त्या फुलीवर एक-दोन बिया टोकायच्या. बी वाचलं, शिवाय कोळपं दोन्ही दिशांनी फिरू लागलं.

याचा हिशेब करून बघा. चार बाय चार फुटांवर एका झाडाच्या वाट्याला १६ चौरस फूट जमीन येते. एकाच दिशेनं कोळपून ओळीत एक फुटाचा पट्टा सोडला, तर ४ चौरस फूट उरतात. दोन्ही दिशांनी कोळपलं तर फक्त १. म्हणजे निंदायला किंवा फवारायला सोळावा हिस्सा!

मग अख्ख्या शेतावर फवारा का आला? एक, ठिबक. जळगाव तर ठिबकचं माहेरघर. पण ओळीत नळी पसरली की आडवं कोळपं थांबतं. सोळाव्या हिश्शाचा पाव हिस्सा होतो. दोन, झड. पाऊस उघडला नाही तर काळ्या जमिनीत वाफसा येत नाही, बैल घालता येत नाहीत, तण मात्र वाढत राहतं. तीन, मजुरी. निंदणीच्या दिवसांत सगळ्यांनाच एकदम माणसं हवी असतात.

ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्रानं ग्लायफोसेटच्या वापरावर निर्बंध आणले. पण वरची तिन्ही कारणं आदेशानं जात नाहीत. ‘फवारा सोडा’ म्हणणाऱ्यानं दिवसभर वाकून कोण निंदणार, तेही सांगायला हवं. बहुतेकदा ते काम बायांच्याच वाट्याला येतं.

म्हणून संशोधनाचा प्रश्न लिहिताना ‘शेतकऱ्यांमधील जागृतीचा अभाव’ असं पटकन लिहू नका. आधी विचारा: कोळपं कुठवर पोचतं, कुठं अडतं? अडलेल्या तेवढ्याच जागेचं उत्तर आपल्याला शोधायचंय.