उलट्या आट्यांची जीप

केळघर घाट उतरून मेढ्याकडे येत होतो. मागून टक... टक... टक असा आवाज यायला लागला. आण्णा म्हणाले, "दगुड अडाकला आसंल टायरात. चल तसाच." आण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. जीप त्यांची, चालवत मी होतो, आणि मागे काकू अन् चुलत बहिणीची दोन पोरं बसलेली. गावात शिरायच्या आधी उतरून बघितलं तर डाव्या बाजूच्या मागच्या चाकाला पाचपैकी दोनच नट! बाकीचे तीन स्टड मुळातून तुटलेले. चाक हाताने हलत होतं. दोन मिनिटं मी काही बोललोच नाही.

जीपबद्दल थोडं सांगतो. 1960 च्या दशकातली महिंद्राची सीजे-3बी. म्हणजे मूळ वंश अमेरिकन विलीजचा. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्डने मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. 1947 पासून महिंद्राने मुंबईत विलीजच्या जीपा जोडायला सुरुवात केली आणि पुढे इथेच बनवू लागले. आमच्या जीपमध्ये आता मूळ पेट्रोल इंजिन नाही, डिझेल आहे. टायर रुंद, रिम रुंद, आणि ते रिम आत घासू नये म्हणून मध्ये ॲल्युमिनियमचे स्पेसर. हा शेवटचा पराक्रम चुलत भावाचा.

मिस्त्री आले, त्यांनी तुटका तुकडा उन्हात धरला आणि निदान केलं, "लोखंड म्हातारं झालंय."

हसू नका. 180 वर्षांपूर्वी युरोपातले मोठमोठे इंजिनिअरही जवळपास हेच म्हणत होते. 8 मे 1842 ला व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली. डब्यांना बाहेरून कुलपं होती. पन्नासच्या वर माणसं गेली. चांगला धडधाकट आस असा तुटतोच कसा? तेव्हाची समजूत अशी की वापरून वापरून लोखंडाचा पोतच बदलतो, ते दाणेदार आणि ठिसूळ होतं. स्कॉटलंडच्या रँकिनने तुटलेले आस नीट पाहिले आणि सांगितलं की चीर एका बारीक जागेतून, जिथे जाडी एकदम बदलते त्या कोपऱ्यातून, हळूहळू आत सरकते. मग जर्मन रेल्वेतल्या ऑगस्ट व्योलरने 1850 आणि 60 च्या दशकांत यंत्रावर आस फिरवून फिरवून तोडले आणि दाखवलं की एका झटक्यात काहीच होणार नाही इतका कमी ताणसुद्धा लाखो वेळा उलटसुलट दिला की पोलाद तुटतं. सांगलीला कॉलेजात त्याचा आलेख मी परीक्षेपुरता पाठ केला होता. तो मेढ्यात चिखलात बसून आठवेल असं वाटलं नव्हतं.

कारण स्टडचा तुटलेला भाग म्हणजे सरळ लॉग फाईल असते. आमच्या तीनपैकी दोन स्टडवर शिंपल्यासारख्या वळ्या होत्या, त्यावर जुना गंज, आणि कडेला थोडासा खडबडीत भाग. म्हणजे हे दोघे कधीच गेले होते. तिसऱ्याचा बराचसा भाग चकचकीत, म्हणजे तो त्या दिवशी घाटात गेला. गाडी किती दिवस तीन स्टडवर पळत होती देव जाणे.

लोकांना वाटतं गाडीचं वजन स्टडवर असतं. तसं नसतं. नट आवळला की स्टड ताणला जातो, रिम ड्रमवर दाबलं जातं, आणि त्या घर्षणावर सगळा भार जातो. नट ढिला असेल तर मात्र चाकाच्या प्रत्येक फेरीला स्टड वाकतो. या टायरच्या किलोमीटरला साधारण 400 फेऱ्या. मेढा ते सातारा पंचवीसेक किलोमीटर, म्हणजे एका खेपेत 10,000 वेळा वाकणं. व्योलरला यंत्र लागलं, आम्हाला आण्णांच्या बाजारच्या खेपा पुरल्या.

पण नट ढिले का झाले? इथे खरी गंमत आहे. उरलेल्या दोन स्टडपैकी एकाच्या टोकावर इंग्रजी 'एल' कोरलेला, दुसरा कोरा. 'एल' म्हणजे डावे आटे! विलीजच्या जुन्या आराखड्यात डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असत. चाक पुढे फिरताना नट आपोआप सुटू नये, हा त्यामागचा विचार. सायकलच्या डाव्या पेडलला अजून तसेच असतात. डॉज-प्लायमथ बनवणारी क्रायस्लर कंपनीही हेच करायची आणि ते तिने 1970 च्या सुमारास सोडलं. (त्याच डॉज-प्लायमथ कुर्ल्यात जोडणारी प्रीमियर कंपनी वालचंद हिराचंदांची. आमच्या कॉलेजलाही त्यांचंच नाव!) पुढे कळलं की निमुळत्या बैठकीचा नट नीट आवळला तर सरळ आटेही पुरतात.

आता पंक्चरवाल्या पोराला हे कोण सांगणार? तो पान्यात पाईप घालतो आणि सगळ्या गाड्यांसारखं सोडायला जातो. उलट्या आट्यांवर त्याने नट आणखी आवळला जातो, स्टड मर्यादेबाहेर ताणतो, आणि एकदा ताणला की परत तेवढा दाब देत नाही. कुणीतरी असाच एक तोडून त्या जागी सरळ आट्यांचा कोरा स्टड ठोकला होता. वर स्पेसरमुळे नटाला पुरेसे आटेच मिळत नव्हते. तीन जणांच्या चुका एका चाकात.

आण्णा म्हणाले, "सगळं सरळ करून टाक. पोरांचा जीव म्होरं."

मला मूळ ठेवायचं होतं. पुण्यात बसून वारसा जपायला माझं काय जातं म्हणा! शेवटी आण्णांचं ऐकलं. डाव्या दोन्ही चाकांना दहा नवे सरळ स्टड, स्पेसर बाद, जुनी अरुंद रिम परत. जुने स्टड ड्रममध्ये रिव्हेटसारखे फुगवून बसवलेले असतात, ते तसेच हाणून काढले तर हबचं भोक मोठं होतं. म्हणून साताऱ्याला लेथवर नेऊन आधी तो फुगवटा कापून घेतला. शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळायचे होते. त्यासाठी मी फोन केला तर आण्णा म्हणाले, "कवाच आवळलं. पाईप न घालता."

'एल'वाला एक स्टड मी पुण्याला आणलाय. टेबलावर मॉनिटरशेजारी उभा असतो. ऑफिसमधल्या एकाने विचारलं, "बुद्धिबळातला प्यादा आहे का रे?"