सवलत की हक्क? : एका हस्तलिखिताचा खटला

१८९४ चा तुरुंग कायदा इंग्रजांनी केला. तुरुंगातले अपराध आणि त्यांबद्दलच्या बेड्या-फटके ह्यांची त्यात तपशीलवार मोजदाद आहे. हक्काची भाषा मात्र फारशी आढळत नाही. स्वातंत्र्यानंतर ती भाषा ज्या खटल्यांनी रूढ केली, त्यांतला एक मराठी पुस्तकावरून झाला.

१९६२ च्या चिनी आक्रमणानंतर आणीबाणी पुकारली गेली आणि भारत संरक्षण नियमांखाली अनेकांना विनाचौकशी स्थानबद्ध करण्यात आले. त्यांत कम्युनिस्ट पुढारी प्रभाकर संझगिरी होते. मुंबईच्या तुरुंगात त्यांनी सरकारच्याच परवानगीने 'अणूच्या अंतरंगात' हे पुस्तक लिहिले. विषय मूलकणांचा. त्यात राजकारणाचा लवलेशही नव्हता. सप्टेंबर १९६४ मध्ये हस्तलिखित छपाईसाठी बाहेर धाडण्याची परवानगी त्यांनी मागितली. सरकारने तब्बल सहा महिने विचार केला, आणि २७ मार्च १९६५ रोजी नकार कळविला! मूलकणांपासून देशाच्या संरक्षणाला कोणता धोका होता, हे सरकारच जाणे.

उच्च न्यायालयाने हस्तलिखित संझगिरींच्या पत्नीकडे पाठविण्याचा हुकूम दिला. सरकार तेवढ्यावर थांबले नाही. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे त्याचा युक्तिवाद असा : स्थानबद्धाचे स्वातंत्र्य एकदा गेले की गेले. १९५१ च्या स्थानबद्धतेच्या अटींत ज्या सवलती लिहिल्या आहेत तेवढ्याच त्याला मिळणार, आणि पुस्तक छापण्याची सवलत तर त्यांत कोठेच नाही.

हा युक्तिवाद आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांच्या चांगल्या ओळखीचा आहे. १९२४ च्या मुंबईतील गिरणी संपात बोनसबद्दल नेमलेल्या समितीनेही हेच सांगितले होते, की कामगारांचा त्यावर हक्क पोचत नाही. म्हणजे मालकाची मर्जी!

६ सप्टेंबर १९६५ रोजी न्या. सुब्बा राव ह्यांनी निकाल दिला आणि सरकारचे अपील फेटाळले. अटी ह्या स्वातंत्र्यावर घातलेल्या मर्यादा आहेत, बहाल केलेल्या सवलती नव्हेत. जे नियमाने मना केलेले नाही, ते स्थानबद्धापाशी उरतेच. सरकारचे म्हणणे मानले, तर अटींत जेवणाचे कलम नसल्यास माणसाला उपाशी मारता येईल, असे न्यायालयाने बजावले. आणि हे सारे आणीबाणी चालू असताना.

हा निकाल स्थानबद्धाचा होता. शिक्षा झालेल्या कैद्याची पाळी पुढे आली. दिल्लीच्या तिहार तुरुंगात फाशीची शिक्षा झालेल्या सुनील बात्रा ह्यांनी दुसऱ्या एका कैद्याच्या छळाबद्दल न्यायाधीशांना पत्र लिहिले. न्यायालयाने ते पत्रच अर्ज मानले. डिसेंबर १९७९ मध्ये न्या. कृष्ण अय्यर ह्यांनी हुकूम दिला, की तुरुंगांत तक्रारपेट्या ठेवाव्यात, आणि त्यांची व्यवस्था जिल्हा दंडाधिकारी व सत्र न्यायाधीश ह्यांच्या आज्ञेखाली असावी. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच हाती पेटीची किल्ली असली तर तिच्यात चिठ्ठी टाकणार कोण?