मॅरेथॉन ऑफ होप

मॅरेथॉन ऑफ होप (अर्थ : आशेची मॅरेथॉन) ही कर्करोगावरील संशोधनासाठी निधी उभारण्याच्या हेतूने कॅनडातील टेरी फॉक्स या तरुणाने १९८० साली केलेली दीर्घ पल्ल्याची धाव होय. कर्करोगामुळे उजवा पाय गमावलेल्या फॉक्स यांनी कृत्रिम पाय लावून, रोज सुमारे एका मॅरेथॉनइतके अंतर धावत कॅनडा पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत पार करण्याचा संकल्प केला होता. १२ एप्रिल १९८० रोजी सेंट जॉन्स येथून निघालेली ही धाव १ सप्टेंबर १९८० रोजी थंडर बे शहराजवळ थांबली. तोवर १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर अंतर कापून झाले होते. कर्करोग फुप्फुसांत पसरल्याने धाव अपुरी राहिली. तिचा उद्देश मात्र अपुरा राहिला नाही. सलग दिवस मॅरेथॉन धावण्याच्या इतिहासातील हा सर्वांत परिचित प्रयत्न मानला जातो.

पार्श्वभूमी

टेरी फॉक्स यांचा जन्म २८ जुलै १९५८ रोजी मॅनिटोबा प्रांतातील विनिपेग येथे झाला. पुढे त्यांचे कुटुंब ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील पोर्ट कोक्विटलम या गावी स्थायिक झाले. शाळेत व सायमन फ्रेझर विद्यापीठात ते बास्केटबॉल खेळत असत. मार्च १९७७ मध्ये त्यांच्या उजव्या गुडघ्याजवळ ऑस्टिओसार्कोमा हा हाडांचा कर्करोग असल्याचे निदान झाले आणि गुडघ्याच्या वर पाय कापावा लागला. त्या वेळी ते अठरा वर्षांचे होते.

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री त्यांच्या शाळेतील बास्केटबॉल प्रशिक्षकांनी त्यांना एक लेख वाचावयास दिला. एक पाय गमावूनही न्यूयॉर्क मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्या डिक ट्रॉम यांच्याविषयीचा तो लेख होता. धावण्याच्या कल्पनेचे बीज तेथे रुजले. त्यानंतर सुमारे सोळा महिने चाललेल्या केमोथेरपीच्या काळात त्यांनी रुग्णालयात इतर रुग्णांच्या, विशेषतः लहान मुलांच्या, यातना जवळून पाहिल्या. आपल्या आजारातून वाचण्याची शक्यता अलीकडच्या संशोधनामुळेच वाढली आहे, हेही त्यांना कळले होते. त्या मानाने कर्करोग संशोधनावर होणारा खर्च फारच तोकडा असल्याची त्यांची भावना झाली.

पूर्वतयारी

फॉक्स यांनी १९७९ च्या आरंभी सराव सुरू केला. आपण एका मॅरेथॉनची तयारी करीत आहोत, एवढेच त्यांनी घरी सांगितले होते. देश ओलांडण्याचा बेत मनातच ठेवला होता. अगदी थोड्या अंतरापासून आरंभ करून त्यांनी पल्ला हळूहळू वाढवीत नेला. सलग शंभरहून अधिक दिवस ते रोज धावले. नाताळच्या दिवशी घेतलेली सुटीही आईच्या आग्रहाखातर होती. सुमारे चौदा महिन्यांच्या तयारीत त्यांनी एकूण ५,००० किलोमीटरच्या आसपास अंतर कापले.

१९७९ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस प्रिन्स जॉर्ज या गावी सुमारे २७ किलोमीटरची शर्यत त्यांनी धावून पाहिली. त्यांचा क्रमांक शेवटचा आला. त्यांच्या आधीच्या धावपटूच्या मागे ते सुमारे दहा मिनिटे होते. त्यानंतरच त्यांनी आपला खरा बेत घरच्यांना सांगितला. १५ ऑक्टोबर १९७९ रोजी त्यांनी कॅनेडियन कॅन्सर सोसायटीला पत्र लिहून साहाय्य मागितले. संस्थेने दोन अटी घातल्या : प्रायोजक मिळवावेत आणि हृदयरोगतज्ज्ञांचे प्रमाणपत्र आणावे. तपासणीत हृदयाचा डावा कप्पा जाड झाल्याचे आढळले. ही अवस्था कसून सराव करणाऱ्या खेळाडूंमध्येही दिसते. डॉक्टरांनी सावधगिरीची सूचना देऊन धावण्यास संमती दिली.

फोर्ड कंपनीने राहण्याची सोय असलेली गाडी, इम्पीरियल ऑइलने इंधन व आदिदासने बूट पुरविले. या धावेतून कोणीही नफा कमवू नये, असा फॉक्स यांचा आग्रह होता. उत्पादनाची जाहिरात करण्याची अट घालणाऱ्या कंपन्यांचे साहाय्य त्यांनी नाकारले.

कृत्रिम पाय व धावण्याची ढब

त्या काळचे कृत्रिम पाय चालण्यासाठी बनविलेले असत. धावण्याचा आघात सोसण्याची त्यांची क्षमता नव्हती. फॉक्स यांच्या पायात काही फेरफार करण्यात आले होते, तरी त्यातील स्प्रिंगला प्रत्येक पावलानंतर पूर्वस्थितीत येण्यास वेळ लागे. तेवढ्या अवधीत ते डाव्या पायावर एक जादा उडी घेत. दोनदा डावा, एकदा उजवा अशी ही लंगडत्या उडीची ढब त्यांची ओळख बनली.

तिची किंमत शरीराला मोजावी लागे. जादा उडीमुळे धडधाकट पायावरचा भार वाढे आणि कृत्रिम पायाच्या खोबणीत कापलेल्या पायाचे टोक सतत घासले जाई. त्या जागी फोड येत, गाठी होत, कधी रक्तही येई. प्रत्येक धावेची पहिली वीस मिनिटे सर्वांत कठीण असतात; वेदनेचा तो उंबरठा ओलांडला की पुढे धावणे सोपे होते, असा त्यांचा अनुभव होता.

धाव

१२ एप्रिल १९८० रोजी सेंट जॉन्स येथे फॉक्स यांनी आपला कृत्रिम पाय अटलांटिक महासागराच्या पाण्यात बुडविला आणि दोन बाटल्या समुद्राचे पाणी भरून घेतले. त्यांपैकी एक बाटली व्हिक्टोरिया येथे पोहोचल्यावर प्रशांत महासागरात रिती करावयाची होती. मित्र डग अल्वर्ड गाडी चालवीत सोबत होता. पुढे धाकटा भाऊ डॅरेलही येऊन मिळाला.

आरंभीच्या दिवसांत सोसाट्याचा वारा, पाऊस आणि हिमवादळ यांना तोंड द्यावे लागले. लोकांचा प्रतिसाद सर्वत्र सारखा नव्हता. न्यू फाउंडलंडमधील सुमारे दहा हजार वस्तीच्या पोर्ट ओ बास्क या गावाने दहा हजार डॉलरची देणगी दिली. माणशी एक डॉलर या हिशेबाने साऱ्या देशाकडून निधी मिळविण्याचे उद्दिष्ट फॉक्स यांनी पुढे स्वीकारले. कॅनडाची लोकसंख्या तेव्हा सुमारे २ कोटी ४० लाख होती. याउलट क्वेबेक प्रांतात या धावेची माहिती फारशी पोहोचली नव्हती, भाषेचीही अडचण होती. जूनच्या उत्तरार्धात माँट्रियल गाठले तेव्हा नियोजित अंतराचा सुमारे एक-तृतीयांश भाग पार झाला होता आणि निधी दोन लाख डॉलरच्या आसपास होता. याच सुमारास हॉटेल व्यावसायिक इसाडोर शार्प यांनी या कार्यात लक्ष घातले. त्यांचा तरुण मुलगा कर्करोगाने दगावला होता.

ऑन्टारियो प्रांतात चित्र पालटले. रस्त्याच्या दुतर्फा लोक उभे राहू लागले आणि पोलिसांची गाडी सोबत चालू लागली. ओटावा येथे पंतप्रधान पिएर ट्रूडो यांनी त्यांची भेट घेतली. ११ जुलै रोजी टोरांटोच्या नगर सभागृहासमोरील चौकात सुमारे दहा हजार लोक जमले होते. त्या एकाच दिवसात एक लाख डॉलर गोळा झाले.

रोजच्या धावेचा शरीरावरील परिणाम

एक मॅरेथॉन (४२.१९५ किलोमीटर) धावल्यावर स्नायूंमधील ग्लायकोजेन हा शर्करेचा साठा बराच संपतो आणि स्नायुतंतूंना सूक्ष्म इजा होते. ती भरून येण्यास कित्येक दिवस लागतात. सलग दिवस धावणाऱ्याला ही झीज भरून येण्याआधीच पुन्हा धावावे लागते. म्हणून अशा धावेत वेगाला महत्त्व नसते. पुरेसा आहार, झोप आणि उद्यासाठी राखलेली ताकद यांवर सारे अवलंबून असते. अतिदीर्घ पल्ल्याच्या शर्यतींची तयारी करणारे आजचे धावपटू दोन लागोपाठच्या दिवशी लांब अंतर धावतात, ते थकलेल्या पायांनी धावण्याची सवय व्हावी म्हणून. मात्र त्यानंतर विश्रांतीचे दिवस ठेवतात आणि दर काही आठवड्यांनी सरावाचा भार मुद्दाम कमी करतात.

फॉक्स यांच्या वेळापत्रकात अशा विश्रांतीला फारसा वाव नव्हता. पहाटे अंधारात धाव सुरू होई आणि दिवसाचे अंतर टप्प्याटप्प्याने पुरे केले जाई. नडगीच्या हाडाजवळील दुखणे, गुडघ्याची सूज, भोवळ अशा तक्रारी त्यांनी अंगावर काढल्या. एकदा घोटा दुखू लागला असताना ते तीन दिवस तसेच धावले. तपासणीअंती तो स्नायुबंधाचा दाह निघाला. मार्गावरील नियमित वैद्यकीय तपासण्या त्यांनी टाळल्या. १४३ दिवसांची सरासरी काढली असता ती दिवसाला सुमारे ३७.६ किलोमीटर येते. वाईट हवामानाचे, दुखापतींचे आणि समारंभांचे दिवसही तीत धरलेले आहेत.

थंडर बे येथील अखेर

१ सप्टेंबर १९८० रोजी थंडर बे शहराबाहेर धावताना फॉक्स यांना खोकल्याची जोरदार उबळ आली व छातीत दुखू लागले. रस्त्याकडेला लोक प्रोत्साहन देत होते, म्हणून ते आणखी काही मैल धावले आणि मग गाडीत बसून रुग्णालयात गेले. कर्करोग फुप्फुसांत पसरल्याचे तपासणीत दिसले. ऑस्टिओसार्कोमा उलटल्यास तो बहुधा फुप्फुसांतच पसरतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्रकारांना धाव थांबवीत असल्याचे सांगितले. व्हिक्टोरिया अद्याप सुमारे ३,००० किलोमीटर दूर होते. तोवर सुमारे १७ लाख डॉलर जमले होते. धाव आपल्या वतीने इतरांनी पूर्ण करावी, असे प्रस्ताव त्यांनी नाकारले. ती स्वतःच पुरी करण्याची त्यांची इच्छा होती.

आठवड्याभरात सीटीव्ही या दूरचित्रवाहिनीने प्रसारित केलेल्या पाच तासांच्या निधिसंकलन कार्यक्रमातून सुमारे १ कोटी ५ लाख डॉलर मिळाले. फेब्रुवारी १९८१ मध्ये एकूण निधी २ कोटी ४० लाख डॉलरच्या पुढे गेला आणि माणशी एक डॉलर हे उद्दिष्ट फॉक्स यांच्या हयातीतच पूर्ण झाले. २८ जून १९८१ रोजी, तेविसाव्या वाढदिवसाच्या एक महिना आधी, त्यांचे निधन झाले.

सन्मान व वारसा

सप्टेंबर १९८० मध्ये फॉक्स यांना ‘ऑर्डर ऑफ कॅनडा’ या सन्मानाची सर्वोच्च श्रेणी देण्यात आली. ती मिळविणारे ते तोवरचे सर्वांत तरुण व्यक्ती होते. ते जेथे थांबले त्या जागेजवळ थंडर बे येथे त्यांचा पुतळा असून, तेथील महामार्गाच्या एका भागास त्यांचे नाव देण्यात आले आहे.

इसाडोर शार्प यांच्या पुढाकाराने १३ सप्टेंबर १९८१ रोजी पहिली ‘टेरी फॉक्स रन’ झाली. तीत सुमारे तीन लाख लोक सहभागी झाले आणि ३५ लाख डॉलर जमले. या धावेत स्पर्धा नसते, विजेते नसतात व प्रवेशशुल्कही नसते. ज्याला जमेल तसे त्याने धावावे किंवा चालावे. हा उपक्रम पुढे अनेक देशांत पोहोचला. फॉक्स यांच्या नावाने आजवर ८० कोटी कॅनेडियन डॉलरपेक्षा अधिक निधी उभा राहिला आहे.

नंतरचे प्रयत्न

कर्करोगाने डावा पाय गमावलेल्या स्टीव्ह फोनियो यांनी १९८४-८५ मध्ये कॅनडा आडवा पार करणारी अशीच धाव पूर्ण केली. फॉक्स यांना व्हीलचेअर बास्केटबॉलकडे वळविणारे त्यांचे मित्र रिक हॅन्सन यांनी १९८५ ते १९८७ या काळात व्हीलचेअरवरून जगप्रवास करून पाठीच्या कण्याच्या दुखापतींवरील संशोधनासाठी निधी जमविला. २०२२ मध्ये जॅकी हंट-ब्रोअर्स्मा यांनी कृत्रिम पायाने सलग १०४ दिवस मॅरेथॉन धावून दाखविल्या. महाराष्ट्रात पुण्याच्या आशिष कासोडेकर यांनी नोव्हेंबर २०२१ ते जानेवारी २०२२ या काळात सलग ६० दिवस रोज एक मॅरेथॉन पूर्ण केली. अलीकडच्या अशा विक्रमांत अंतराची व वेळेची काटेकोर नोंद ठेवली जाते. फॉक्स यांच्या धावेचे मोजमाप मात्र मुख्यतः जमलेल्या निधीवरून आणि त्यातून उभ्या राहिलेल्या संशोधनावरून केले जाते.